सर, तुमच्या नावाने तक्रार आली आहे

बिराजदार सर,

तुमच्या शोकसभेत तुमच्याबद्दल एकही खरं वाक्य बोललं गेलं नाही, हे आधी सांगून टाकते. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही मितभाषी होतात. मी मान खाली घातली, कारण मला हसू आलं होतं आणि शोकसभेत हसलेलं बरं दिसत नाही. संस्थेच्या सचिवांनी तुम्हाला शिस्तप्रिय म्हटलं, तेव्हा तुमच्या सातवी ‘ब’ची अख्खी रांग एकमेकांकडे बघायला लागली. कधीही भरून न येणारी पोकळी तर प्रत्येक वक्त्याने काढली. तुम्ही माझ्या शेजारी असतात तर नक्की पुटपुटला असतात, "बाई, एवढी पोकळी पडली तर हॉल खचंल की." मी उगाच दोनदा शेजारी बघितलं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी कुर्डुवाडीची, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवायची लहानपणापासूनची सवय. स्टाफरूममध्ये मी बोलायला लागले की तुम्ही दोन्ही हात जोडून म्हणायचात, "साकु बाई, साकु." तुमच्या कन्नडातला ‘पुरे’ एवढा एक शब्द मला तुमच्यामुळेच पाठ झाला. पण त्या दिवशी माईकसमोर उभी राहिले आणि तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "सर चांगले होते," एवढं म्हणून खाली बसले. म्हणजे मीसुद्धा काही फार वेगळं बोलले नाही. म्हणून आता लिहून बोलतेय. शिवाय आपला वाद अर्धा राहिलाय, आणि त्यात पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

वाद सुरू झाला तुम्ही त्या प्रशिक्षणाला जाऊन आलात तेव्हापासून. खरं तर दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून तुमचं नाव गेलं. ऐन मे महिना, आपल्या सोलापुरात दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही असे दिवस. तुम्ही खुशीत म्हणालात, "पुण्यात गार असतंय की." परत आलात ते खांद्याला एक कापडी पिशवी आणि तोंडात एक नवा शब्द घेऊन. सकारात्मक मानसशास्त्र. आठवडाभर तो शब्द तुम्ही नवे बूट मिळालेल्या पोरासारखा शाळाभर मिरवलात. शिपायाने घंटा वेळेवर दिली तरी तुम्हाला त्यात सकारात्मक मानसशास्त्र दिसायचं.

स्टाफरूममध्ये तुम्ही आम्हाला ते समजावून सांगितलंत. आपण मास्तर लोक पोरांकडे गॅरेजवाल्याच्या नजरेने बघतो, म्हणालात. काय बिघडलंय तेवढंच शोधतो. काय नीट चाललंय ते कुणी बघतच नाही. मी विचारलं, चालू स्कूटर कुणी गॅरेजमध्ये आणतं का हो? तुम्ही इतके हसलात की चहा शर्टावर सांडला. तो डाग घेऊनच पुढचे दोन तास घेतलेत. मला वाटलं विषय संपला. तुमचा विषय कधी हसण्यावारी संपत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिला प्रयोग साफ फसला, तो आठवतो ना? रोज रात्री झोपण्याआधी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या आणि सकाळी वर्गात सांगायच्या, असं तुम्ही सातवी ‘ब’ला सांगितलंत. आपली पोरं ती. त्यांना वाटलं ही तोंडी परीक्षाच आहे. अर्ध्या वर्गाने निबंधमालेतली वाक्यं पाठ करून आणली. कुणी सूर्याचे आभार मानले, कुणी झाडांचे, कुणी बळीराजाचे. ज्यांच्या घरात आदल्या रात्री भांडणं झाली होती तीही पोरं छातीवर हात बांधून म्हणत होती, माझे आईवडील माझे दैवत आहेत. एकटा आफताब खरं बोलला. काल सर रजेवर होते, त्याचा आनंद झाला, म्हणाला. तुम्ही तोंड पाडून स्टाफरूममध्ये आलात. "बाई, पोरं माझ्या तोंडाकडं बघून आनंदी व्हायलेत," असं म्हणालात आणि गप्प बसलात. तुम्ही गप्प बसलात म्हणून मीच घाबरले.

मग मधल्या सुट्टीत नळापाशी तुम्हाला ते सुचलं. नळापाशी आपल्याभोवती काय गराडा पडतो ते कुठल्याही शिक्षकाला विचारावं. सर, ह्यानं ढकललं. सर, हिनं चिडवलं. सर, तो बघा, पाणी उडवतोय. चहाड्यांना खळ नसतो. आम्ही सगळे त्या गराड्यातून वाट काढून पळतो. तुम्ही तिथेच उभे राहिलात आणि खूश होऊन बघत बसलात. दुसऱ्याचं काय चुकतंय ते ही पोरं किती बारकाईनं टिपतात, तुम्ही मला म्हणालात. नजर तयारच आहे, नुसती वळवायची आहे.

त्या शनिवारी, दप्तराविना शाळा असते त्या दिवशी, शेवटच्या तासाला ‘आनंदाचा तास’ असं नाव देऊन तुम्ही नियम जाहीर केलात. चहाडी करायची. भरपूर करायची. पण फक्त चांगल्या कामाची. कुणी कुणाला न दाखवता काही चांगलं केलं असेल तर त्याला पकडायचं आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्यायचं. माझी प्रयोगशाळा तुमच्या वर्गाला लागून, मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. मला सगळं ऐकू येत होतं.

पोरांना नियम कळला, पण सवय कशी जाईल? पहिलीच मुलगी उठली ती कपाळाला आठ्या घालून, बोट रोखून. सर, आफताबनं माझी पाण्याची बाटली भरून आणली. आवाज असा की त्याने बाटली फोडलीच असावी. आफताब ताडकन उभा राहिला. "नै सर, मैं नै भरा. उने झूट बोलरी." त्याने आईची शपथ घेतली. तुम्ही साक्षीदार बोलावले. मागच्या बाकावरच्या दोघांनी त्याला नळापाशी बघितलं होतं. पुरावा भक्कम आहे हे दिसल्यावर आफताबने मान खाली घातली आणि म्हणाला, "गलती हो गई सर." मी हातातली परीक्षानळी खाली ठेवून दारात येऊन उभी राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असा गुन्हेगार बघितला नव्हता.

शिक्षाही तुम्ही ठरवून टाकलीत. गुन्हेगाराने बाकावर उभं राहायचं आणि ह्या कामामागे कोणता गुण आहे ते वर्गाने सांगायचं. एरवी बाकावर उभं राहणं म्हणजे पोरांना मेल्याहून मेल्यासारखं. आता वरून आपल्याविषयी चांगलं ऐकताना त्यांची कशी तारांबळ उडायची. कुणी कान लाल करून छताकडे बघायचं, कुणी शर्टाचं बटण पिळायचं. गुणांची नावंही पुस्तकी राहिली नाहीत. दया, धैर्य, प्रामाणिकपणा संपल्यावर पोरं आपल्या मनाने बोलायला लागली. ह्याला भांडण सोडवता येतं. हिला कोण जेवलं नाही ते कळतं. हा हरला तरी रडीचा डाव खेळत नाही.

आणि नेमके तपासणीचे साहेब त्याच तासाला आले. बाकावर एक पोरगा उभा, डोळ्यांत पाणी, आणि समोर तुम्ही हाताची घडी घालून. शाळेत शिक्षा देता म्हणजे काय, म्हणून साहेबांनी तुम्हाला तिथल्या तिथे धारेवर धरलं. काय केलं ह्या मुलाने, असं विचारल्यावर अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला की त्याने पहिलीतल्या पोराच्या बुटाची नाडी बांधून दिली. साहेबांना काही कळेना. मग शिक्षा कशाबद्दल? तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत, "साहेब, गुन्हा कबूल करत नव्हता." साहेबांना समजवायला मुख्याध्यापकांना दोन वेळा चहा मागवावा लागला.

मला मात्र तुम्ही सोडलं नाहीत. एका शनिवारी काहीतरी काम आहे म्हणून वर्गात बोलावलंत आणि मी आत पाय टाकल्याबरोबर एका मुलीने माझ्यावर आरोप केला की कुलकर्णीबाई वरून ओरडतात, पण परीक्षेत कुणाचं पेन बंद पडलं की स्वतःचं देतात आणि परत मागत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं की हे साफ खोटं आहे. तुम्ही खुर्चीवरून पडायचे बाकी होतात. साडी आहे म्हणून बाकावर चढायची शिक्षा माफ झाली, पण खाली उभी राहून ऐकावंच लागलं. त्या दिवशी घरी जाताना मी उगाचच भाजीवालीशी गोड बोलले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर डोकं खाल्लं असतंत.

जिन्यात उभं राहून तुम्ही एकदा म्हणाला होतात, "बाई, आपलं काय चुकतं ते पोराला तोंडपाठ असतंय. आपल्यात बरं काय हाय, ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतंय." हे मला तेव्हाही पटलं होतं. आमचं सोलापूर तसं सढळ हाताने कौतुक करणाऱ्यांचं गाव नाही. इथे पोरगा पहिला आला तरी बाप विचारतो, गणितात चार मार्क कुठे गेले. त्या गावात तुम्ही बाकावर उभं करून पोरांना त्यांचं चांगलं ऐकवत होतात. मी भांडत होते ते ह्याच्याशी नव्हे.

मी भांडत होते ते रेणुकावरून.

रेणुका कुंभारीहून येते. तिची आई घरी विड्या वळते आणि संध्याकाळी रेणुका तिच्याबरोबर बसते. तिच्या कपड्यांना, केसांना तंबाखूचा वास असतो. तिच्या बाकावरच्या दोघी तिच्याजवळ बसताना नाक धरायच्या, हे मला प्रयोगशाळेत दिसलं, कारण रोज ती टेबलाच्या टोकाला एकटीच उभी असायची. मी तिला विचारलं, सरांना का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सरांना फकस्त चांगलं सांगायचं असतंय की बाई."

मी तशीच तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. म्हटलं, सर, तुमचा तास छान आहे, पण तुम्ही रडणाऱ्याला दार लावून घेतलंय. चांगलंच सांगायचं असा नियम केला की ज्याच्यापाशी सांगायला वाईटच आहे त्याने कुठे जायचं? तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी क्वचितच पाहिलंय. म्हणालात, तक्रारी ऐकायला सगळं जग बसलंय, एक तास तरी पोरांना दुसरं काही बघू द्या. मी म्हटलं, जग ऐकत नाही सर, म्हणूनच ती पोरगी टेबलाच्या टोकाला उभी आहे. आपण दोघं इतक्या जोरात भांडलो की शिपाई चहा न देताच परत गेला.

पण तुम्ही त्यानंतर जे केलंत ते मला जन्मात सुचलं नसतं. पुढच्या शनिवारी प्रत्येकाला एक रुमाल रात्रभर घरात ठेवून, पिशवीत बांधून आणायला सांगितलंत. तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एकेक रुमाल हुंगून कुणाच्या घराचा ते तुम्ही ओळखायचं असा खेळ लावलात. मी दारातच होते. एक रुमाल तुम्ही यंत्रमागाच्या तेलाचा म्हणून ओळखलात, एक कांडलेल्या शेंगाचटणीचा. आफताबच्या रुमालाला अत्तर लावलेलं होतं, तेव्हा ही लाच आहे म्हणून तुम्ही खेळ थांबवलात. मग रेणुकाचा रुमाल हातात आला. तुम्ही तो नाकाशी धरलात आणि पुन्हा एकदा हुंगलात. वर्ग थांबला. मग तुम्ही हळूच म्हणालात, "अप्पा." आणि पट्टी न काढताच सांगितलंत की तुमचे वडील अक्कलकोटच्या बाजारात भुसार विकायचे, तंबाखूची पुडी ठेवायच्या त्यांच्या कोपरीच्या खिशाला हाच वास होता, त्यांना जाऊन फार वर्षं झाली, आणि आज ते इथे वर्गात आल्यासारखे वाटले. हा रुमाल मला देशील का, असं तुम्ही रेणुकाला विचारलंत. ती नुसती मान हलवत राहिली. तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं. नाक धरणाऱ्या दोघींनी तो रुमाल मागून घेऊन हुंगला. पुढच्या आठवड्यात त्या तिच्या दोन बाजूंना बसायला लागल्या.

मी तेव्हा पदराने डोळे पुसत आत जाऊन बर्नर साफ करत बसले. आज सांगते. मी पाहिलेला तो सगळ्यांत चांगला तास होता.

अर्थात तुम्ही त्याचाही फायदा घेतलात. बघा बाई, म्हणालात, तक्रार न ऐकता प्रश्न सुटला. मी म्हटलं, तक्रार ऐकल्याशिवाय तुम्हाला प्रश्न आहे हे कळलं कुठून? ती मी आणून दिली होती. ह्यावर तुमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून "साकु." मग रोज तेच. जिन्यात, नळापाशी, पेपर तपासताना. गुरुवारी शाळा सुटल्यावर स्कूटरला किक मारता मारता तुम्ही ओरडून म्हणालात, "शनिवारी तुमचं तोंड बंद करतो बघा. उत्तर सापडलंय." स्कूटर सुरू झाली आणि तुम्ही हात हलवून गेलात.

शुक्रवारी तुम्ही शाळेत आला नाहीत. सर बरे नाहीत, एवढंच कळलं. शनिवारी सकाळी परिपाठाच्या आधी मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितलं.

ते उत्तर काय होतं, सर? मी माझ्या मनाने बरीच तयार करून पाहिली आणि सगळी खोडून काढली. तुमच्यासारखा वेडेपणा मला जमत नाही. कधी कधी वाटतं, उत्तर बित्तर काही नव्हतं, मला शनिवारपर्यंत जागं ठेवायचं होतं, बस्स. तुमचा भरवसा नाही.

तुमच्यानंतर सातवी ‘ब’ शहाण्यासारखी वागायला लागली. एवढी शिस्त मी त्या वर्गात कधी बघितली नव्हती आणि ती बघून मला भीती वाटायला लागली. नळापाशी रांग लागे. कुणी कुणाची चांगली चहाडी करेना, वाईटही करेना. रेणुका तर बोलायचीच बंद झाली. हजेरीला नुसता हात वर. प्रश्न विचारला तर खाली बघणं. त्या दोघी मैत्रिणींशीसुद्धा नाही. तिच्या आईचा शाळेत फोन आला, पोरगी घरी पण बोलत न्हाय म्हणून. मी डबा खाताना तिच्याजवळ बसले, गोष्टी सांगितल्या, रागावूनही पाहिलं. काही नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी विचारलं, शनिवारच्या त्या तासाचं काय करायचं? कुणी घेणार नसेल तर शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाला देऊ. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या तासाशी वर्षभर भांडत आलेली मीच होते. मी म्हटलं, मी घेते. मुख्याध्यापकांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मला तुमच्या तासाचा कळवळा आला होता अशी समजूत करून घेऊ नका. मला रेणुकाचा आवाज ऐकायचा होता आणि तो परत आणायला माझ्यापाशी दुसरी जागा नव्हती.

पहिला शनिवार. मी तुमच्याच पद्धतीने सुरुवात केली. म्हटलं, चला, करा चांगल्या चहाड्या. मग वर्गाच्या सेक्रेटरीने उठून सांगितलं, बिराजदार सर खूप चांगले होते. दुसरा म्हणाला, सर प्रेमळ होते. तिसरी म्हणाली, सरांची आठवण सदैव राहील. मला शोकसभा आठवली. पोरं पुन्हा निबंधमालेत जाऊन बसली होती, आणि ह्या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघून दुःखी होत होती. रेणुका खिडकीबाहेर बघत होती.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पुरे झालं. हा तास आता माझा आहे आणि आज माझा नियम. आज फक्त वाईट चहाड्या. आणि त्यासुद्धा एकाच माणसाच्या. बिराजदार सरांच्या. पोरं दचकली. आफताब म्हणाला, बाई, सर तो अल्ला के पास गये. मी म्हटलं, म्हणून काय झालं, जाताना त्यांनी काही विचारलं होतं का आपल्याला?

कुणी हललं नाही. आपलं चुकलं असं मला वाटायला लागलं. आणि मग रेणुका उठली. तिने बोट रोखलेलं होतं, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"सर शुक्रवारी आमच्या घरी येतो म्हनले हुते. आईनं शेंगापोळ्या केल्या. मी बसस्टॉपवर उभी राह्यले. अंधार पडला तरी उभी. सर आलेच न्हाईत."

ती रडत नव्हती. चिडली होती, सर. तुमच्यावर पुरेपूर चिडली होती. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत असं आईने तिला बजावलं होतं, आणि सगळी शाळा तुम्ही किती चांगले होतात तेच सांगत होती. मग तिने तो राग ठेवायचा कुठे? तो गिळून ती गप्प बसली होती. मी तिला म्हटलं, "रेणुका, तुझी तक्रार खरी आहे. सरांनी यायला हवं होतं." एवढं ऐकल्यावर ती रडली. त्या दोघी उठून तिच्याजवळ गेल्या.

आणि मग काय विचारता. सरांनी माझा पेरू घेतला, परत दिला नाही. सर क्रिकेटमध्ये आऊट झाले तरी बॅट सोडत नव्हते. सर आपल्याच विनोदाला आधी हसायचे. सरांनी मला कन्नड शिकवतो म्हणून सांगितलं आणि तीन शिव्याच शिकवल्या. ह्या शेवटच्या तक्रारीला वर्गात जो हशा झाला तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले. सगळी पोरं हसत होती, अर्ध्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी टेबलाला धरून उभी होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, सर, आनंदाचा तास. ते म्हणाले, बिराजदारांनी माझी छत्रीसुद्धा नेलीय, आणि गेले.

म्हणजे वाद मी जिंकले, असं म्हणायला हरकत नाही. तक्रारीला जागा लागते, हे तुमच्याच वर्गात, तुमच्याच खुर्चीसमोर सिद्ध झालं. पण तास सुटल्यावर मी एकटी बसून रेणुकाचे शब्द पुन्हा आठवले तेव्हा गोंधळात पडले. एक मुलगी सांगतेय की माझ्या घरी कुणी येणार होतं आणि मी अंधार पडेपर्यंत त्याची वाट बघितली. ही चहाडी चांगली की वाईट? तुमच्या रांगेतली की माझ्या? मला ठरवता आलं नाही. तुम्ही समोर असतात तर ह्या एका प्रश्नावर आपली दोन वर्षं मजेत गेली असती. मला तुमची फार आठवण येते, सर. भांडायला आता कुणी नाही. बाकीचे सगळे माझं म्हणणं लगेच मान्य करतात, आणि त्यात काही राम नाही.

तास मी चालू ठेवलाय. आता दोन्ही चहाड्या चालतात. पोरं एका दमात दोन्ही करतात, त्यामुळे कुणाला बाकावर चढवायचं आणि कुणाला समजवायचं ह्यात माझा जीव जातो. शिष्यवृत्तीचा सराव मुख्याध्यापकांनी सोमवारी ढकलला.

आणि काल शाळा सुटल्यावर मी रेणुकाबरोबर कुंभारीला गेले. वडापच्या, माणसं कोंबलेल्या रिक्षात ती माझ्या मांडीवर जवळजवळ बसलीच होती, आणि बसल्यापासून जी बोलायला लागली ती उतरेपर्यंत थांबली नाही. मांजराला झालेली पिल्लं, शेजारणीचं भांडण, विडीला दोरा कसा गुंडाळतात, सगळं. मी एरवी दुसऱ्याला इतका वेळ बोलू देत नाही. शेवटी मीच हात जोडणार होते, पण म्हटलं बोलू दे.

तिची आई दारात उभी होती. विड्यांचं सूप बाजूला सारलेलं, हात धुतलेले, तव्यावर शेंगापोळी टाकलेली. मला पाटावर बसवलं, एक पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं. ती संपल्यावर न विचारता दुसरी वाढली. मी नको म्हणाले तर म्हणाली, "ही सरांची हाय बाई. तुमी खावा."

मी खाल्ली, सर. सगळी खाल्ली. फार सुरेख झाली होती.